सोडलेला दिवा

विवाहाचे विधी आटोपलेले असतात, जेवणे उरकत आलेली असतात. शहराबाहेरच्या एखाद्या कार्यालयाच्या मोकळ्या हिरवळीवर नवरा-नवरी समोरासमोर उभी राहतात आणि पातळ कागदाच्या एका मोठ्या पिशवीची कड दोघे मिळून धरतात. कोणीतरी खाली वाकून पिशवीच्या तोंडाशी बसवलेली मेणाची वडी पेटवतो. कागद हळूहळू फुगतो, आतून पिवळसर उजळतो, हातांना वर ओढ जाणवू लागते. ‘सोडा’ असे कोणीतरी म्हणते आणि हात सुटतात. कंदील प्रथम डळमळतो, मग सावरतो आणि झाडांच्या शेंड्यांवरून वर जातो. क्षणभर सारा समुदाय मान वर करून उभा राहतो. छायाचित्रे निघतात. कंदील ताऱ्याएवढा होतो आणि माणसे पुन्हा एकमेकांकडे, गप्पांकडे, विड्याकडे वळतात. कंदील मात्र अजून जळत असतो. तो आता कोणाचा, हा प्रश्न त्या वेळी कोणाच्या मनात येत नाही. जे सोडले ते सुटले, अशीच सर्वांची समजूत असते. ही समजूत साधी दिसली तरी तिच्यात एक नैतिक सिद्धांत दडलेला आहे, आणि तो तपासून पाहण्याजोगा आहे.

मराठी माणसाला ‘आकाशकंदील’ हा शब्द परका नाही. दिवाळीत बांबूच्या कामट्या आणि रंगीत कागद यांचा तो कंदील घराच्या दारावर टांगला जातो. नाव आकाशाचे असले तरी दोरी घराची असते. वारा सुटला की घरातील कोणीतरी उठून तो खाली घेतो. आतील पणती कलंडली तर कागद पेटतो तो याच घराचा, आणि पाण्याची बादली घेऊन धावतात तीही याच घरातील माणसे. येथे ज्याचा विचार करावयाचा आहे तो उडता कंदील या जातीचा नव्हे. त्याला दोरी नाही. तसे पाहिले तर दोघांचे साहित्य जवळजवळ एकच आहे: कागद, कामटी आणि ज्योत. फरक एवढाच की एकाला बांधलेले आहे आणि दुसऱ्याला सोडलेले आहे. सारा प्रश्न या एका क्रियापदाभोवती फिरतो.

कंदील वर जातो त्याचे कारण शाळेतील मुलालाही सांगता येईल. तीस अंश उष्णतेच्या एक घनमीटर हवेचे वजन सुमारे ११६५ ग्रॅम भरते, तर शंभर अंशांपर्यंत तापलेल्या तेवढ्याच हवेचे सुमारे ९४५ ग्रॅम. हा जो दोनशेवीस ग्रॅमांचा फरक, त्यावर कंदिलाचे सारे उड्डाण अवलंबून असते. घनमीटराच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या कंदिलाला कागद, कडे आणि मेण मिळून वीस-बावीस ग्रॅमांपलीकडे भार उचलता येत नाही. म्हणूनच त्याला सुकाणू लावता येत नाही, ज्योत विझवण्याची सोयही ठेवता येत नाही. त्याचे हलकेपण हेच त्याचे असहायपण असते. विकणारे सांगतात की मेण संपून ज्योत विझल्यावरच हवा निवते आणि मगच कंदील खाली येतो. पुष्कळदा तसे होतेही. पण कागद फाटला, वाऱ्याने कंदील कलला, किंवा वाटेत एखादी फांदी, तार वा छप्पर आले, तर तो जळता जळताच उतरतो. कोठे उतरेल हे सोडणाऱ्याला ठाऊक नसते आणि ठाऊक करून घेण्याचा मार्गही नसतो.

ही कल्पना मूळची चीनची. तिसऱ्या शतकातील प्रसिद्ध सेनानी चुगे लियांग याला कोंगमिंग हे दुसरे नाव होते. त्याच्या नावावरून चीनमध्ये या दिव्याला कोंगमिंगचा कंदील म्हणतात, आणि वेढ्यात सापडलेल्या त्या सेनानीने संकेतासाठी तो प्रथम सोडला अशी आख्यायिका सांगतात. तैवानच्या उत्तरेकडील पिंगशी या डोंगराळ, पावसाळी भागातही कंदिलाचे पहिले काम संकेताचे होते: दरोडेखोर गेले, आता घरी परत या, असा निरोप डोंगरात लपलेल्यांना देण्याचे. थायलंडच्या उत्तर भागात, चिआंग माई आणि आसपासच्या लान्ना प्रदेशात, यी पेंग या पौर्णिमेच्या उत्सवात असे कंदील सोडतात. तेथे त्यांचा संबंध बौद्ध विहाराशी आणि पुण्यसंचयाशी आहे. चितगाव भागातील बौद्ध समाज आश्विनी पौर्णिमेला, प्रवारणेच्या दिवशी, ‘फानुस’ सोडतो आणि उत्तर कोलकात्यात कालीपूजेच्या निमित्ताने कागदी फानुस आकाशात जातात.

या सर्व ठिकाणी एक गोष्ट समान आढळते. कंदील सोडण्याला तिथी आहे, जागा आहे, आणि सोडणारे व सोसणारे बहुतांशी एकच आहेत. ज्या खोऱ्यात कंदील उतरणार त्याच खोऱ्यातील माणसांनी ते सोडलेले असतात; त्या रात्री छपरांकडे लक्ष ठेवायचे हे सर्वांना माहीत असते. चिआंग माईत त्या दिवसांत विमानांच्या वेळा बदलल्या जातात वा उड्डाणे रद्द होतात. म्हणजे उत्सवाची किंमत आधीच मोजली जाते आणि ती कोणी मोजायची तेही ठरलेले असते. तेथेही अपघात होत नाहीत असे नाही, आणि वाढत्या पर्यटनाने तेथील प्रशासनालाही निर्बंध घालावे लागले आहेत. तरीसुद्धा त्या प्रथेला कुंपण आहे. प्रथा प्रवास करू लागली की बहुधा हे कुंपण मागे राहते आणि चित्र तेवढे पुढे जाते. २०१० साली आलेल्या ‘टँगल्ड’ या अमेरिकन चित्रपटात शेकडो कंदील सरोवरावर तरंगण्याचे दृश्य होते; जगभरच्या असंख्य प्रेक्षकांनी ही कल्पना अशा चित्रांतून पाहिली. चित्रात कंदील वर जाताना दिसतो. खाली येताना दिसत नाही. पुढे तो पुडक्यात बांधून विकला जाऊ लागला आणि तिथी, जागा, शेजारी या तिन्हींपासून मोकळा होऊन लग्नाच्या हिरवळीवर आला.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. वस्तू सोडल्याने तिच्याशी असलेले नाते संपते काय? भारतीय धर्मविचाराने या प्रश्नाचा फार बारकाईने विचार केलेला आहे. दान म्हणजे नुसते देणे नव्हे. आपले स्वामित्व काढून घेऊन दुसऱ्याचे स्वामित्व निर्माण करणे, अशी त्याची कल्पना आहे. म्हणून दानाला घेणारा लागतो आणि त्याने ते स्वीकारावे लागते. ज्याने स्वीकारले नाही त्याच्या माथी वस्तू मारणे हे दान होत नाही. यागात द्रव्य देवतेला उद्देशून सोडतात आणि ‘न मम’, हे माझे नव्हे, असे उच्चारतात. तेथे मनुष्य घेणारा नसतो; पण द्रव्य ज्या अग्नीत पडते तो अग्नी कुंडात असतो, आणि कुंडाशी यजमान बसलेला असतो. तिसरा प्रकार उत्सर्गाचा. विहीर, तलाव, बाग सर्वांसाठी सोडून द्यायची, तिच्यावरचा आपला वेगळा हक्क टाकायचा. येथे घेणारा कोणी एक नसतो, पण सोडलेली वस्तू सर्वांच्या उपयोगाची असावी लागते. उडता कंदील या तिन्हींत बसत नाही. तो ज्याच्या शेतात पडतो त्याने तो स्वीकारलेला नसतो. त्याचा अग्नी कुंडात राहत नाही. आणि सोडल्यावर तो कोणाच्याही उपयोगाचा नसतो. ‘न मम’ हे शब्द त्यागाचे आहेत. ज्याने कशाचाच त्याग केला नाही, केवळ पाठ फिरवली, त्याच्या तोंडी ते शब्द आले तर त्यांचा अर्थ उलटा होतो.

या संदर्भात वृषोत्सर्गाची प्रथा विशेष बोलकी आहे. मृताच्या नावाने वळू सोडून देण्याची ही चाल. सोडलेला वळू कोणाच्याही शेतात शिरतो, उभ्या पिकात तोंड घालतो. नुकसान होते हे स्मृतिकारांना ठाऊक होते. म्हणूनच अशा वळूबद्दल दंड नाही अशी तरतूद मनुस्मृतीत आढळते. २००८ साली आलेल्या ‘वळू’ या मराठी चित्रपटाचा विषयही देवाला सोडलेला वळू आणि त्याने जेरीस आलेले गाव हाच होता. वरवर पाहता वृषोत्सर्ग उडत्या कंदिलाच्या बाजूचाच पुरावा वाटेल: सोडणाऱ्याचे उत्तरदायित्व संपले, सोसावे इतरांनी. परंतु दोन भेद ध्यानात घेण्यासारखे आहेत. एक तर त्या वळूला त्रिशूळ-चक्राच्या मुद्रा डागण्याची रीत होती. तो सोडलेला आहे हे दुरूनही ओळखू येई. दुसरे, आज एकाने सोडलेला वळू दुसऱ्याच्या शेतात चरे, आणि उद्या दुसऱ्याने सोडलेला पहिल्याच्या शेतात. सारा समाज ते ओझे जाणूनबुजून आपसांत वाटून घेत होता. लग्नातील कंदिलावर मुद्रा नसते, आणि ज्याच्या कडब्याच्या गंजीवर तो उतरतो त्याला त्या लग्नाचे आमंत्रणही नसते.

आपल्याकडील लग्नसराईचा काळ पाहिला तर या शेवटच्या वाक्यातील गंजी केवळ उदाहरणासाठी घेतलेली नाही हे पटेल. महाराष्ट्रात तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात आणि चैत्र-वैशाखात ऐन भरात येतात. त्याच दिवसांत शेते रिकामी होऊन कडबा रचून ठेवलेला असतो, माळावरचे गवत वाळून कोळ झालेले असते, आणि सह्याद्रीच्या उतारांवर वणवे लागत असतात. गावाकडील गोठ्यात पावसाळ्यापर्यंतची वैरण असते ती त्या गंजीतच. मुंबईत पोलिसांनी उडत्या कंदिलांवर वेळोवेळी मनाईचे आदेश काढलेले आहेत; तेथे भीती उंच इमारतींच्या खिडक्यांची आणि पडद्यांची असते. गावाकडे मनाईचा आदेश पोहोचो वा न पोहोचो, वैरण जळाल्यावर ती कोणी जाळली हे शोधून काढण्याचा मार्ग नसतो.

या विषयातील सर्वांत क्लेशकारक घटना जर्मनीतील क्रेफेल्ड येथील आहे. ३१ डिसेंबर २०१९ च्या मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात तेथील प्राणिसंग्रहालयातील वानरगृहाला आग लागली. ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी, लहान माकडे, वटवाघळे, पक्षी असे तीसहून अधिक जीव त्या आगीत मरण पावले. दोन चिंपांझी तेवढे वाचले. आगीचे कारण होते नववर्षाच्या स्वागतासाठी सोडलेले उडते कंदील. क्रेफेल्ड ज्या राज्यात आहे त्या उत्तर ऱ्हाइन-वेस्टफालियात २००९ पासून असे कंदील सोडण्यास बंदी होती. पोलिसांनी वृत्त प्रसिद्ध केल्यावर एक स्त्री आपल्या दोन सज्ञान मुलींसह स्वतःहून त्यांच्याकडे गेली. कंदील आम्ही सोडले होते, बंदी आहे हे आम्हाला ठाऊक नव्हते, असे त्यांनी सांगितले.

त्या तिघींच्या मनात कोणाचे वाईट करण्याचा विचार नव्हता. नव्या वर्षासाठी शुभ चिंतावे एवढाच हेतू होता. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७८५ साली मांडलेल्या भूमिकेनुसार कृतीचे नैतिक मूल्य शुद्ध संकल्पात असते. परिणामाने ते वाढत नाही की घटत नाही. हे मान्य केले तर त्या तिघी आणि ज्यांचा कंदील कोठेतरी ओल्या चिखलात विझून गेला अशी माणसे यांच्यात तिळमात्र अंतर उरत नाही. दोघांनी तेच केले. वाऱ्याने वेगळे केले. १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी नेमका हा पेच चर्चेला घेतला. दोन माणसे सारख्याच बेपर्वाईने गाडी चालवतात. एकाच्या वाटेत कोणी येत नाही, दुसऱ्याच्या वाटेत मूल येते. दोष सारखा असताना एकाला जग विसरून जाते आणि दुसऱ्याला आयुष्यभर मनुष्यवधाचे ओझे वाहावे लागते, याला न्याय म्हणावे काय, असा नेगेलचा प्रश्न होता. विल्यम्सने याहून पुढची गोष्ट दाखवली. ज्याचा काडीचाही दोष नाही अशा चालकाच्या हातून मूल दगावले तरी त्याला जी खंत वाटते ती बघ्यांच्या हळहळीहून वेगळ्या जातीची असते. लोक त्याचे सांत्वन करतात आणि ते योग्यच आहे. पण ते सांत्वन त्याने फार सहज पत्करले तर तेच लोक मनातून चरकतात.

महाभारताने हा पेच वेगळ्या वाटेने हाताळला आहे. अणीमांडव्य ऋषींना सुळावर चढवले जाते. या शिक्षेचे कारण ते धर्माला विचारतात, तेव्हा उत्तर मिळते की बालपणी त्यांनी किड्यांच्या शेपटीत गवताच्या काड्या खुपसल्या होत्या. हा केवळ खेळ होता. त्यात द्वेष नव्हता. मांडव्य संतापतात, धर्मालाच मनुष्ययोनीत जन्म घेण्याचा शाप देतात, आणि त्या शापातून विदुर जन्माला येतो. परंतु कथेतील तितकाच महत्त्वाचा भाग म्हणजे मांडव्यांनी घातलेली मर्यादा: चौदा वर्षांच्या आतील कृत्य पाप धरले जाणार नाही. अजाणतेपणाला क्षमा आहे, पण तिला वयाची सीमा आहे. त्या सीमेपलीकडे, आपल्या खेळाची काडी कोणाच्या अंगात शिरते हे पाहणे हा कर्त्याच्या कर्तव्याचाच भाग ठरतो. ‘ठाऊक नव्हते’ हे उत्तर मुलाच्या तोंडी पुरे असते. ज्यांचा विवाह होत आहे ती माणसे, आणि तो लावून देणारी त्यांची वडीलधारी मंडळी, ही मुले नव्हेत.

मात्र येथे एक आक्षेप उभा राहतो. हात सुटल्यानंतर कंदील नेणारा वारा असतो. मग त्याच्या कृत्याचा बोजा माणसावर का टाकावा? इंग्लंडच्या कायद्याच्या इतिहासात या प्रश्नाला एक जुने उत्तर सापडते. १७७० साली तेथील एका बाजारात एकाने पेटता फटाका फेकला. तो एका दुकानावर पडला. तेथील माणसाने माल वाचवण्यासाठी तो उचलून पुढे फेकला, पुढच्यानेही तसेच केले, आणि अखेर तो एका तिसऱ्याच माणसाच्या तोंडावर फुटून त्याचा डोळा गेला. १७७३ साली निकाल लागला तो पहिल्या फेकणाऱ्याविरुद्ध. न्यायाधीशांपैकी सुप्रसिद्ध विधिज्ञ ब्लॅकस्टोन यांचे मत निराळे पडले. प्रत्यक्ष इजा शेवटच्या हाताने झाली, तेव्हा दावा या स्वरूपात चालत नाही, असे त्यांना वाटत होते. बहुमताने मात्र असे मानले की मधल्यांनी घाबरून आत्मरक्षणासाठी केलेली कृती ही पहिल्याच कृतीची लांबण होती. मध्ये दोन जिवंत, विचार करणारी माणसे असूनही जर पहिल्याचे उत्तरदायित्व तुटत नसेल, तर वाऱ्याने ते कसे तुटावे? वाऱ्याला हेतू नसतो, भीती नसते, नकारही नसतो. किंबहुना सोडणाऱ्याने त्याच्यावर भिस्त ठेवलेली असते. ज्याच्या बळावर आनंद घेतला त्याच्यावरच दोष ढकलणे हे नीतीला धरून नाही.

फेकणारा हात आणि जळणारी वस्तू यांतील अंतर कितीही वाढू शकते, हे अलीकडच्या अनेक घटनांनी दाखवले आहे. ३० जून २०१३ च्या रात्री इंग्लंडमधील स्मेदिक येथे पुनर्वापरासाठी साठवलेल्या सुमारे एक लाख टन मालाला एका कंदिलाने आग लागली. कंदील खाली येताना पाळतीच्या कॅमेऱ्याने टिपला, आणि ती आग आटोक्यात आणण्यासाठी सुमारे दोनशे जवान लागले. ढाक्यात १ जानेवारी २०२३ रोजी, नुकतीच सुरू झालेली मेट्रो तारांवर फानुस अडकल्याने काही वेळ बंद ठेवावी लागली. ब्राझीलमध्ये संत योहानाच्या उत्सवात कागदी फुगे सोडण्याची मोठी परंपरा होती; १९९८ च्या पर्यावरण कायद्याने आग लावू शकतील असे फुगे बनवणे, विकणे वा सोडणे हा तुरुंगवासास पात्र गुन्हा ठरवला. कायदा कोठे किती कठोर असावा हा स्वतंत्र विषय आहे. पण कायदा आला म्हणजे नीतीचा विचार संपला असे नव्हे. ज्या गावात बंदी नाही त्या गावातील गंजीही तशीच जळते.

याच्या विरुद्ध बाजूने एक गंभीर गोष्ट सांगता येते, आणि तिला बगल देणे योग्य होणार नाही. आनंद हा नेहमीच काहीसा बेहिशेबी असतो. लग्नात वाजंत्री वाजते, शेजाऱ्याची झोप मोडते. वरातीने रस्ता अडतो. पाने वाढून वाया जातात. जर प्रत्येक उत्सवापूर्वी अनोळखी माणसाच्या हानीचा हिशेब मांडायचा ठरवले, तर उत्सव उरणार नाही आणि माणूस केवळ हिशेबनीस होऊन बसेल. शिवाय त्या कंदिलात एक सौंदर्य आहे, ते नाकारता येत नाही. आपल्या हातातला प्रकाश आपल्यापासून दूर, आपल्याहून उंच जाताना पाहणे, यात माणसाच्या फार जुन्या आकांक्षेची पूर्ती आहे. नव्या संसाराच्या उंबऱ्यावर उभ्या असलेल्या दोघांना भविष्य अज्ञात असते. त्या अज्ञाताच्या दिशेने एक दिवा सोडावासा वाटणे यात खोटे काहीच नाही.

हे सर्व मान्य करूनही एक भेद शिल्लक राहतो. वाजंत्री थांबवता येते. शेजारी येऊन म्हणाला की घरात आजारी माणूस आहे, तर ढोल खाली ठेवता येतो. वरात बाजूला घेता येते. उरलेले अन्न कोणाला तरी नेऊन देता येते. या आनंदांशी दुसऱ्याला बोलता येते आणि आनंदी माणसाला त्याचे ऐकता येते. उडत्या कंदिलाशी कोणाला बोलता येत नाही. तो परत बोलावता येत नाही, आणि ज्याच्यावर तो उतरतो त्याला कोणाकडे जाऊन गाऱ्हाणे सांगावे हे कळत नाही. जैन आचारात गृहस्थासाठी ‘अनर्थदंड-विरमण’ नावाचे एक व्रत सांगितले आहे. जगण्यासाठी काही हिंसा अटळ आहे हे ते गृहीत धरते. जी प्रयोजनाशिवाय होते, केवळ प्रमादाने म्हणजे बेसावधपणाने होते, तेवढीच टाळावी असे सांगते. उत्सवाचा निषेध त्यात नाही. ज्या हानीवाचून उत्सवाचे काहीच उणे होत नाही ती हानी करू नये, एवढीच त्याची मागणी आहे. सौंदर्याच्या नावाने या मागणीला नकार देता येईल असे वाटत नाही. कारण दिव्याचे सौंदर्य टिकवण्यासाठी तो सोडलाच पाहिजे असे कोठे ठरलेले नाही.

उलट आपल्या परंपरेतील सुंदर दिवे बहुधा कोणीतरी राखलेले आहेत. कार्तिक महिन्यात काशीच्या घाटांवर उंच बांबूंच्या टोकाला टोपल्यांतून आकाशदीप लावतात. तो आकाशात असतो, पितरांची वाट उजळतो, आणि तरी संध्याकाळी तो चढवणारा हात ठरलेला असतो. जयशंकर प्रसाद यांच्या ‘आकाशदीप’ या हिंदी कथेतील चंपेची आई समुद्रावर गेलेल्या पतीसाठी गंगाकाठी असा दिवा टांगत असे, आणि पुढे चंपा एका दूरच्या बेटावर दीपस्तंभातील दिवा लावत आपले सारे आयुष्य घालवते. त्या कथेतील प्रेमाची खूण दिवा दूर जाण्यात नाही; कोणीतरी रोज त्याच्यापाशी जाण्यात आहे.

विवाहविधीत तर हे फारच स्पष्ट आहे. गृह्यसूत्रांनी सांगितलेल्या विधीत सप्तपदी आणि लाजाहोम ज्या अग्नीच्या साक्षीने होतात, तो अग्नी विवाह संपला म्हणून विझवायचा नसे. पात्रात घालून तो वधूवरांबरोबर त्यांच्या घरी नेत. औपासन किंवा गृह्य अग्नी या नावाने पती-पत्नींनी मिळून तो जन्मभर राखायचा, रोज सकाळ-संध्याकाळ त्यात आहुती द्यायची, आणि अखेरीस त्याच अग्नीने देहाचा संस्कार व्हायचा. आज हे व्रत पाळणारी घरे अगदी विरळा, आणि ते पुन्हा चालू करावे असे कोणी म्हणणार नाही. पण त्यामागची समज आजही जशीच्या तशी लागू पडते. लग्न म्हणजे अग्नी हाती घेणे, आणि जो हाती घेतला त्याची राखण करणे. दोघांनी मिळून केलेली पहिली कृती म्हणून अग्नी सोडून देणे आणि पुन्हा त्याच्याकडे वळून न पाहणे, हे त्या समजेच्या नेमके उलट आहे.

याचा अर्थ जुन्या काळी सारे निर्दोष होते असा नव्हे. पूर्वी वरातीत गॅसबत्त्या चालत, त्या माणसांच्या डोक्यावर. आतषबाजीच्या उजेडात नवरदेवाकडे सर्वांचे लक्ष असे. बत्ती वाहणाऱ्याचा चेहरा, त्याची भाजणारी मान, कोणी पाहत नसे. प्रकाश एकाचा आणि ओझे दुसऱ्याचे, ही वाटणी तेव्हाही होतीच. उडत्या कंदिलाला वाहणारा कोणी नसतो म्हणून तो अधिक निर्मळ वाटतो. वस्तुतः वाहणारा नाहीसा झालेला नाही, तो फक्त दृष्टीआड गेला आहे. पहाटे गोठ्याकडे जाताना ज्याला गंजीतून धूर दिसतो, किंवा कुट्टीत गुंतलेली तार जनावराच्या घशातून काढण्याची धडपड ज्याला करावी लागते, तो या वरातीतला शेवटचा बत्तीवाला होय. त्याला मजुरी नसते, आणि बत्ती कोणाची हेही त्याला ठाऊक नसते.

म्हणून क्रेफेल्डच्या त्या मायलेकींनी जे केले त्याचे मोल निराळे आहे. त्या गेल्या नसत्या तर कदाचित त्यांचे नाव कधीच पुढे आले नसते. सोडलेल्या कंदिलावर नाव नसते. त्यांच्या जाण्याने एकही प्राणी परत आला नाही, आणि त्यांच्या पूर्वीच्या अजाणतेपणाचेही समर्थन झाले नाही. तरीही जे सोडले होते ते त्यांनी पुन्हा आपले म्हटले. ‘न मम’ म्हणण्याचा अधिकार खऱ्या त्यागाला असतो. जेथे त्याग नाही, केवळ हात सुटला आहे, तेथे नीतीला आवश्यक असलेला शब्द ‘मम’ हाच आहे. तो शब्द उच्चारायला आगीनंतर फार धैर्य लागते. कंदिलाची कड हातात असताना तो उच्चारला, तर तेवढ्या धैर्याची गरज पडत नाही. हिरवळीवर उभ्या असलेल्या दोघांनी मेण पेटवण्यापूर्वी क्षणभर थांबून, हा दिवा जेथे उतरेल तेथे आपण असू काय, एवढेच एकमेकांना विचारावे. उत्तर ‘नाही’ असे आले, तर दिवा घरी न्यावा आणि दारावर टांगावा. तेथेही तो आकाशाखालीच असेल, आणि वारा सुटला तर तो उतरवून घ्यायला दोघांपैकी एकजण उठेल.